एका मण्याची अदलाबदल : प्रथिनांची घडण आणि आपल्या घरांतील सिकलसेल

'प्रथिने' हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो बहुधा आहाराच्या संदर्भात. वाढत्या वयाच्या मुलांना डाळ, दूध, अंडी द्यावीत, एवढे प्रत्येक पालकास ठाऊक असते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी तर 'प्रोटीन' म्हणजे डब्यात मिळणारी महागडी भुकटी. परंतु ताटातील प्रथिने ही या विषयाची केवळ सुरुवात आहे. पोटात गेलेले प्रथिन पचनाने सुटे होते आणि त्या सुट्या भागांपासून शरीर स्वतःला हवी ती हजारो निराळी प्रथिने नव्याने घडवते. श्वास घेणे, अन्न पचवणे, हात उचलणे, जखम भरून काढणे, रोगजंतूंशी झुंजणे ही सारी कामे करणारे कामगार म्हणजे ही शरीराने घडवलेली प्रथिने होत.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही शाळेच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. विदर्भात निवासी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकास वर्षानुवर्षे एक अनुभव येतो. एखादा हुशार मुलगा वारंवार आजारी पडतो, सांधे दुखतात म्हणून रडतो, डोळे पिवळसर दिसतात, खेळाच्या तासाला मागे राहतो. कुणी त्याला आळशी म्हणते, कुणी अशक्त म्हणते, घरी कुणी अंगारा लावते. त्याच्या दुखण्याचे खरे कारण रक्तातील एका प्रथिनाच्या घडणीत असते. ती घडण समजून घेतली, तर त्या मुलाकडे, त्याच्या आईवडिलांकडे आणि आपल्या समाजातील विवाहसंबंधांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. म्हणून प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू आणि मग त्या एका प्रथिनाकडे वळू.

वीस मण्यांची माळ

प्रथिन ही अमिनो आम्ल नावाच्या लहान रेणूंची माळ असते. सजीवांच्या प्रथिनांत प्रामुख्याने २० प्रकारची अमिनो आम्ले वापरली जातात. जिवाणू असो, ज्वारीचे ताट असो, बैल असो वा माणूस असो, मण्यांचे प्रकार तेच. फरक पडतो तो मणी कोणत्या क्रमाने ओवले यामुळे. आपल्या बाराखडीतील मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द तयार होतात, तशीच ही रीत आहे. इन्शुलिनची माळ लहान, अवघ्या ५१ मण्यांची. काही प्रथिनांच्या माळा हजारो मण्यांच्या. १९५० च्या दशकात फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधील मण्यांचा संपूर्ण क्रम प्रथमच उलगडून दाखवला आणि प्रत्येक प्रथिनाचा क्रम ठरलेला असतो हे सिद्ध झाले. या कामासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा क्रम ठरवतो कोण? पेशीच्या केंद्रकातील डीएनए. डीएनएचा जो भाग एखाद्या प्रथिनाचा क्रम सांगतो, त्याला आपण जनुक म्हणतो. जनुकातील लिपी चार अक्षरांची. तीन तीन अक्षरांचा एक गट एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. त्या लेखाची नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोझोम नावाच्या कारखान्यात ती वाचून एकेक मणी ओवला जातो. भारतात जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चे नोबेल मिळाले ते याच रायबोझोमची रचना उलगडल्याबद्दल.

क्रमातून आकार, आकारातून काम

माळ ओवून झाली म्हणजे प्रथिन तयार झाले असे नाही. ती माळ स्वतःभोवती वळते आणि दुमडते. काही मणी पाण्याकडे ओढले जातात, काही पाण्यापासून आत दडू पाहतात. काहींवर धन विद्युतभार असतो, काहींवर ऋण. या ओढाताणीतून कुठे जिन्यासारखे वळसे पडतात, कुठे घडी घातलेल्या पत्रासारखे पट्टे तयार होतात. मग ही वळणे आणि हे पट्टे एकमेकांवर बसून एक निश्चित आकार घेतात. कधी कधी अशा दोन-चार माळा एकत्र येऊन एकच मोठे प्रथिन बनते. शास्त्रज्ञ या चार पायऱ्यांना प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक आणि चतुर्थक रचना म्हणतात. मण्यांमधील जोडणी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, याचा आलेख मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत प्रथिनाची रचना तपासताना 'रामचंद्रन आलेख' वापरतात.

आकाराला एवढे महत्त्व का? कारण प्रथिनाचे काम त्याच्या आकारावरच अवलंबून असते. कुलपात जशी ठरावीक किल्लीच बसते, तसा प्रत्येक विकराच्या खाचेत ठरावीक पदार्थच बसतो. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर पिठातील स्टार्चचे तुकडे करून त्यापासून साखर बनवते. हेच विकर डाळीतील प्रथिनाला हात लावत नाही. त्यासाठी जठरात निराळे विकर आहे. केसांतील केराटिन, हाडांतील व त्वचेतील कोलॅजेन ही प्रथिने दोरासारखी लांब व चिवट असतात, कारण त्यांचे काम आधार देण्याचे. रोगजंतूंना ओळखणाऱ्या प्रतिपिंडांना इंग्रजी वाय अक्षरासारखी दोन टोके असतात, कारण त्यांचे काम पकडण्याचे.

आकार बिघडला की काम थांबते, याचे उदाहरण रोज स्वयंपाकघरात दिसते. अंडे उकडले की पातळ पारदर्शक बलक पांढरा आणि घट्ट होतो. त्यातील अमिनो आम्ले कुठेही गेलेली नसतात. उष्णतेने माळांची घडी उलगडते आणि त्या एकमेकींत गुंततात. अन्न म्हणून त्या अंड्याचे मोल तेवढेच राहते, पण त्यातून पिल्लू होणे आता शक्य नसते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते, तेव्हाही दुधातील प्रथिनांचे असेच काहीसे होते.

ताटातील प्रथिनांविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकू. या २० पैकी ९ अमिनो आम्ले आपले शरीर बनवू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वसतिगृहाच्या ताटात डाळ पातळ होऊ नये, असा पालकांचा आग्रह असतो. त्याला शास्त्राचा पूर्ण आधार आहे.

प्राणवायूचा वाहक

आता ज्या प्रथिनासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येऊ. त्याचे नाव हिमोग्लोबिन. रक्ताचा तांबडा रंग याचाच. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन सोडायचा, हे त्याचे काम. हिमोग्लोबिन चार माळांचे बनलेले असते : १४१ मण्यांच्या दोन अल्फा माळा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा माळा, एकूण ५७४ मणी. प्रत्येक माळेच्या कुशीत हिम नावाचा एक लहान रेणू बसलेला असतो आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. प्राणवायू या लोहाला धरून प्रवास करतो. म्हणजे एक हिमोग्लोबिन चार प्राणवायू रेणू वाहून नेते.

या वाहकाची एक विशेष तऱ्हा आहे. पंगतीत पहिला माणूस बसेपर्यंत सगळे संकोचाने उभे राहतात; तो बसला की बाकीचे भराभर बसतात. हिमोग्लोबिनवर पहिला प्राणवायू बसला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि उरलेल्या तिघांना बसणे सोपे जाते. फुप्फुसात ते झटकन भरते आणि प्राणवायूची टंचाई असलेल्या स्नायूंत झटकन रिकामे होते. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. ती पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि स्वतःपेक्षाही अरुंद केशवाहिन्यांतून मऊ पुरचुंडीसारखी दबून, वाकून पुढे सरकते. तिचे हे लवचिक असणे लक्षात ठेवावे. पुढील सारी कथा त्यावरच आहे.

हिमोग्लोबिनची रचना उलगडली मॅक्स पेरुट्झ यांनी. व्हिएन्नाचा हा तरुण १९३६ साली केंब्रिजला शिकण्यासाठी आला. दोन वर्षांनी ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला आणि ज्यू वंशाच्या पेरुट्झ यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. क्ष-किरणांच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचा आकार शोधण्यात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ घालवला. १९६० साली तो आकार जगापुढे आला आणि १९६२ साली त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह नोबेल मिळाले.

सहावा मणी

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाविषयी निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच्या रक्तात गोल पेशींबरोबर विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पुढे या आजाराला सिकलसेल ॲनिमिया हे नाव पडले. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला 'दात्रपेशी पांडुरोग' असे म्हटले आहे. दात्र म्हणजे विळा. विदर्भातील घराघरांत मात्र तो नुसता 'सिकल' म्हणून ओळखला जातो.

पेशी विळ्यासारखी का होते, हे जवळजवळ चाळीस वर्षे कोडेच होते. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि आजारी माणसांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही निरनिराळ्या गतीने सरकले. म्हणजे दोष पेशीच्या कवचात नव्हता, आतील प्रथिनातच होता. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत आहे, हे मानवी इतिहासात प्रथमच दाखवले गेले.

तो फरक नेमका कुठे, हे शोधले पेरुट्झ यांच्याच केंब्रिजमधील चमूतील व्हर्नन इनग्रॅम यांनी. तेही नाझी राजवटीमुळे बालपणी जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले. त्यांनी विकराच्या साहाय्याने दोन्ही हिमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे केले आणि ते ओल्या कागदावर पसरवले. दोन्ही कागदांवर सुमारे तीस ठिपके उमटले. बाकी सारे जुळले. एक ठिपका तेवढा निराळ्या जागी होता. हा निबंध 'नेचर' नियतकालिकाच्या १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी नागपुरात काय घडले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण ज्या समाजाच्या घरांत हा आजार आहे, त्याला ही तारीख सहज लक्षात राहील. पुढल्या वर्षी इनग्रॅम यांनी त्या ठिपक्याचा उलगडा केला. बीटा माळेतील १४६ मण्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलिन असते. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे. जनुकाच्या लिपीत पाहिले तर 'जीएजी' या गटाऐवजी 'जीटीजी' असा गट असतो. एका अक्षराचा बदल.

एका मण्याने एवढे काय बिघडते? ग्लुटामिक आम्लाला पाणी प्रिय आहे, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर दडू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो आणि बाहेर आलेले हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खाचेत जाऊन बसते. त्या शेजाऱ्याचे व्हॅलिन पुढच्यात. असे करता करता हजारो रेणूंच्या ताठ दोऱ्या बनतात आणि त्या आतून पेशीला ताणून विळ्याचा आकार देतात. मऊ पुरचुंडीची काडी होते. अरुंद केशवाहिनीत ती अडकते, मागच्या पेशी अडतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि त्या ठिकाणी असह्य वेदना होतात. हाडे, सांधे, पोट, छाती, कुठेही. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्त कमी पडते. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून पिवळे द्रव्य बनते, म्हणून डोळे पिवळे दिसतात. सहाव्या मण्यापासून रडणाऱ्या मुलापर्यंतची ही अखंड साखळी आहे. तिच्यात कुणाची करणी नाही, कुणाचा कोप नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच.

आईकडून एक, वडिलांकडून एक

बीटा माळेचे जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते : एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती निर्दोष असतील तर माणूस 'एए'. एक प्रत बदललेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नसतो. तो शेती करतो, खेळतो, पोलीस भरतीसाठी धावतो. त्याला औषधाची गरज नसते. म्हणूनच तपासणी केल्याशिवाय वाहक ओळखता येत नाही.

एक जोडीदार वाहक आणि दुसरा एए असेल, तर त्यांचे एकही मूल या आजाराचा रुग्ण होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली निघतील, असे कित्येकांना वाटते. तसे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने काढली जाते.

मग एवढा त्रासदायक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? त्याचे उत्तर मलेरियात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले की, वाहक व्यक्तींना फाल्सिपेरम मलेरियाच्या तीव्र रूपापासून संरक्षण मिळते. ज्या प्रदेशात मलेरियाने लहान मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक वाचली आणि हे जनुक पुढे जात राहिले. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि मध्य भारताची जंगले, अशा जुन्या मलेरियाग्रस्त पट्ट्यांत ते आढळते. एसएस रुग्णाला मात्र मलेरिया अधिकच घातक ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात १९५२ साली लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलची नोंद केली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत आणि सातपुड्यातील नंदुरबारकडे हा आजार ठळकपणे दिसतो. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासी समूहांत तो आहे. विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध कुटुंबांत आहे. आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. मलेरियाचा डास जात विचारून चावत नाही. तरीही काही समाजांत हे जनुक दाट का राहिले, याचे एक कारण विवाहाच्या रीतीत सापडते. लग्ने जर त्याच त्या गोतावळ्यात होत राहिली, मामाच्या मुलीशी लग्न हा जर हक्क मानला गेला, तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे मांडले होते. तो युक्तिवाद समाजशास्त्राचा होता. त्या कुंपणाचा एक परिणाम रक्तातही उतरतो, हे पुढे जनुकशास्त्राने दाखवले.

अमेरिकेचा धडा

इतिहासाचे शिक्षक म्हणून येथे एक प्रकरण सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. अमेरिकेत सिकलसेलचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय होते. त्यामुळे कित्येक डॉक्टरांनी तो 'निग्रो रक्ता'चाच रोग मानला. गोऱ्या रुग्णात आढळला तर त्याच्या पूर्वजांत कुणी काळा असणार, असा तर्क केला जाई, आणि मिश्रविवाहाला विरोध करणाऱ्यांच्या हाती हे एक हत्यार मिळाले. रोगाचे निदान झाले, पण त्यासोबत माणसांवर शिक्का बसला.

पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्लॅक पँथर पक्षाने कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी केंद्रे चालवली. ज्या आजाराकडे सरकारने दुर्लक्ष केले, त्याची दखल समाजाने स्वतः घेतली. १९७२ साली अमेरिकन संसदेने सिकलसेल नियंत्रणाचा कायदा केला. त्याच वर्षी मुंबईत ज्या संघटनेने पँथर हे नाव घेतले, तिचा इतिहास आपल्याला परिचित आहे. पँथरांच्या कार्याची ही आरोग्याची बाजू मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

परंतु कायद्यानंतर घाईने झालेल्या तपासण्यांत वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना नीट समजावला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. आपण यातून एवढे शिकावे की, तपासणीइतकेच तिच्या निकालाचा अर्थ समजावणे आणि तो गुप्त राखणे महत्त्वाचे आहे.

आपण काय करावे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. विद्राव्यता चाचणी थेंबभर रक्तावर होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने एएस की एसएस हे निश्चित करतात. पहिल्या चाचणीवरून कुणाला रुग्ण ठरवू नये. शासकीय आरोग्य केंद्रांतून या तपासणीची सोय आहे.

रुग्णासाठी आज उपाय आहेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. या हिमोग्लोबिनमध्ये बीटा माळ नसतेच, म्हणून सहाव्या मण्याचा दोषही नसतो. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, तो याच कारणाने. फॉलिक ॲसिड, वेळेवर लसीकरण, लहान वयात संसर्गापासून संरक्षण आणि गरजेनुसार रक्त यांमुळे आयुष्य बरेच सुकर होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-उपचारांना मान्यता मिळाली. पण त्यांपैकी एकाची अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. ते आपल्या वस्तीपर्यंत येण्यास वेळ लागेल. केवळ आहाराने किंवा प्रोटीनच्या भुकटीने सहावा मणी बदलत नाही. तो क्रम जनुकात लिहिलेला आहे. रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत, कारण येथे रक्त कमी होते ते पेशी लवकर नष्ट झाल्याने. लोह कमी पडले असेलच असे नाही.

वसतिगृहात या मुलांची काळजी घेणे कठीण नाही. त्यांना दिवसभर भरपूर पाणी पिऊ द्यावे आणि वर्गातून लघवीला जाण्यास अडवू नये. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे काही मुले मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओले करतात. त्यावरून शिक्षा किंवा थट्टा होता कामा नये. हिवाळ्यात थंड पाण्याची आंघोळ, कडक उन्हात कवायत आणि दमेपर्यंत धावणे टाळावे. बेताचा खेळ मात्र खेळू द्यावा. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळपर्यंत न थांबता रुग्णालय गाठावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पालकांनी प्रमाणपत्राची माहिती जिल्हा रुग्णालयातून घ्यावी.

सर्वांत अवघड प्रश्न लग्नाचा. अनेक घरांत मुलीचा रिपोर्ट लपवला जातो, कारण 'सिकलवाली' म्हणून तिला स्थळ येणार नाही अशी भीती असते. मुलाचा रिपोर्ट तर कुणी मागतच नाही. आजारी मूल जन्मले की दोष सुनेच्या माथी जातो. परंतु एसएस मूल जन्मण्यास दोन प्रती लागतात, आणि त्यांतील एक वडिलांचीच असते. वाहक मुलीने एए मुलाशी लग्न केले, तर त्यांच्या घरी सिकलसेलचा रुग्ण जन्मणार नाही. मग तिला नाकारण्याचे कारण काय? टाळायचे असेल तर दोन वाहकांचे नकळत एकत्र येणे टाळावे. त्यांनी जाणूनबुजून लग्नाचा निर्णय घेतला, तर गर्भारपणाच्या सुरुवातीला गर्भाच्या तपासणीची सोय मोठ्या रुग्णालयांत आहे. निर्णय त्यांचा असावा, माहिती मात्र पूर्ण असावी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज वधू-वर परिचय मेळावे भरवतात, विहारांच्या समित्यांवर काम करतात, आरोग्य खात्यात आणि शाळांत नोकरी करतात. त्यांना आमची विनंती अशी की, मेळाव्याच्या अर्जात रक्तगटाच्या रकान्याशेजारी रिपोर्टचा रकाना घालण्याआधी तेथे एक समुपदेशक बसवावा आणि रिपोर्ट संबंधित दोन कुटुंबांपलीकडे जाऊ देऊ नये. ज्यांची तपासणी अद्याप झालेली नाही, त्यांनी ती लग्न ठरण्याची वाट न पाहता करून घ्यावी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी मुलाचा रिपोर्ट शाळेला विश्वासाने सांगावा. असा रिपोर्ट सांगितल्याने आपल्या शाळेत कुणाचा प्रवेश अडू नये आणि कुणाच्या पाण्याच्या बाटलीवर बंधन येऊ नये, याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.